जामसांवलीचा पिंपळ आणि सेकंदाला २५ चित्रं

शाळेतल्या माध्यमनिर्मितीच्या वर्गात मुलं मोठ्या हौसेनं नाव घालतात आणि पहिल्याच आठवड्यात हिरमुसतात. कॅमेरा हातात येण्याआधी सूचनांचा कागद येतो. शूटिंगच्या आधी कॅमेऱ्यासमोर कोरा कागद धरा. हेडफोन लावल्याशिवाय आवाज घेऊ नका. कॅमेरा ट्रायपॉडवरच ठेवा. जागा सोडण्याआधी मिनिटभर सगळ्यांनी गप्प उभं राहून ती शांतता रेकॉर्ड करा. शॉट एकाच बाजूनं घ्या. विचारल्याशिवाय कुणाचा चेहरा घेऊ नका. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. घरी जाण्याआधी दोन कॉप्या करा. वाचून वाटतं, रांगेत चाला आणि नखं कापून या, अशाच पठडीतलं काहीतरी असेल.

पण यातली एकेक सूचना उकलून बघितली तर खाली भलतंच काही सापडतं. आपले डोळे आणि कान आपल्याला दिवसभर जे सांगतात त्यात ते किती पदरचं घालतात, किती गाळतात, हे आपल्याला ठाऊकच नसतं. कॅमेरा आणि माइक हे आपल्यासारखं करत नाहीत. ही तफावत भरून काढायची कशी, याचंच तंत्र त्या कागदावर लिहिलेलं असतं.

हा विषय आता फक्त मोठ्या शहरांतल्या कॉलेजांचा उरलेला नाही. सीबीएसईनं अकरावी-बारावीला ‘मास मीडिया स्टडीज’ हा कौशल्य विषय ठेवला आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं सहावी ते आठवीच्या मुलांना १० दिवस दप्तराविना बाहेर पडून स्थानिक कारागिरांकडून शिकायला सांगितलं आहे. व्यावसायिक अभ्यासक्रम बेतणारी एनसीईआरटीची संस्थाही मध्य प्रदेशात, भोपाळला आहे. तेव्हा असं समजू की त्याच राज्यातल्या सौंसरकडच्या एका शाळेतल्या अकरावीच्या मुलांना प्रकल्प मिळालाय : जामसांवलीवर तीन मिनिटांचा माहितीपट.

जामसांवली निवडलं ते मुद्दाम. छिंदवाड्यातून ऑक्टोबर २०२३ मध्ये वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा, त्यात सौंसरजवळचं हे गाव. पिंपळाखाली आडवा पहुडलेला हनुमान हे इथलं दैवत. मंगळवार-शनिवार माणसांची रीघ लागते. नागपूरकडून येतात, छिंदवाड्याकडून येतात. घंटा, पाठ, भोंगे, नारळ, संत्र्यांच्या पाट्या, वरून पिंपळाची सळसळ. शिकाऊ पोरांचा कस लावायला याहून बरी जागा शोधून सापडायची नाही.

सुरुवात अगदी मुळापासून करू. मुलं जे शूट करणार आहेत त्यात हालचाल नावाची गोष्टच नसते. असतात ती स्थिर चित्रं, सेकंदाला २५. रांगेतली म्हातारी पाऊल उचलते ते एका चित्रात, टेकवते ते पुढच्या कुठल्यातरी चित्रात. कुठल्याही दोन चित्रांमधली हालचाल कॅमेऱ्यानं टिपलेलीच नसते. ती आपला मेंदू घालतो. डोळ्यांत प्रतिमा क्षणभर रेंगाळते म्हणून चित्रं हलल्यासारखी दिसतात, असं पूर्वी पुस्तकांत लिहीत. ते पुरेसं नाही. नुसती रेंगाळली असती तर एकावर एक चढलेल्या चित्रांचा काला दिसला असता. माक्स व्हेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञानं दोन रेषा पाळीपाळीनं दाखवल्या, तर बघणाऱ्यांना एकच रेषा इकडून तिकडे सरकताना दिसली. हालचाल डोळ्यांपुढे नव्हतीच, ती बघणाऱ्यानं रचली होती. हा शोधनिबंध १९१२ चा. आणि त्याच १९१२ साली मुंबईत धुंडिराज गोविंद फाळके कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून, कॅमेरा रोखून, थोड्या थोड्या वेळानं एकेक चित्र घेत बसले होते. ते जोडून पडद्यावर दाखवल्यावर दाण्यातून कोंब वर आला, वेल झाली. चित्रपटाला भांडवल मिळावं म्हणून केलेला तो नमुना होता आणि भांडवल मिळालंही. व्हेर्टहायमरच्या फ्रँकफर्टमधल्या प्रयोगाचा आणि या वाटाण्याचा एकमेकांना पत्ता नव्हता. दोघांच्या हाती एकच किल्ली लागली होती.

आता २५ च का? हे उत्तर मला फार आवडतं, कारण ते विजेच्या खांबावर लटकलेलं आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते. प्रत्येक हेलकाव्यात ट्यूबलाइट दोनदा मंद होते आणि दोनदा पेटते. म्हणजे मंदिराच्या सभामंडपातली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकत असते. आपल्याला ती शांत जळताना दिसते. कॅमेऱ्याचा पडदा, म्हणजे शटर, सेकंदाचा पन्नासावा भाग उघडा ठेवला, तर प्रत्येक चित्राच्या वाट्याला बरोबर दोन लुकलुकी येतात आणि सगळी चित्रं सारखी उजळतात. पण मोबाइलमध्ये बहुतेक वेळा सेकंदाला ३० चित्रांची सेटिंग आधीपासून असते, आणि तिला सोयीचा पडदा साठाव्या भागाचा. तो आकडा अमेरिकेतल्या ६० हेलकाव्यांच्या विजेतून आलेला. मग एका चित्राला पावणेदोन लुकलुकींहूनही किंचित कमी उजेड मिळतो, दुसऱ्या चित्रात तो वेगळ्याच ठिकाणी तुटतो, आणि मारुतीच्या शेंदरावरून काळपट पट्टे सरकायला लागतात. मुलं म्हणतात, सर, मोबाइल खराब आहे. मोबाइल ठणठणीत असतो, त्याला देश कळलेला नसतो. ‘फ्रेमरेट २५, शटर एक भागिले पन्नास’ ही सूचना म्हणजे वीज मंडळाशी जुळवून घेणं. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचं वीजजाळं उरलेल्या देशाच्या जाळ्याला जोडलं गेलं. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच ठेका चालतो. सौंसरची ट्यूब आणि मदुराईची ट्यूब एकाच तालात लुकलुकतात.

आता पिंपळाकडे या. इथे थोडं रेंगाळायला हवं.

मोबाइलवर आपण ज्याला फुल एचडी म्हणतो त्या चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, एकूण २०,७३,६००. प्रत्येक ठिपक्याचा लाल, हिरवा, निळा रंग लिहायला तीन बाइट धरले तर एका चित्राला ६२ लाखांवर बाइट झाले. सेकंदाला २५ चित्रं, मिनिटाला ६० सेकंद. गुणाकार केला तर एका मिनिटाला ९ जीबीच्या वर जातो आणि तीन मिनिटांच्या माहितीपटाला २८ जीबी. प्रत्यक्षात मोबाइलमध्ये मिनिटभराची फाइल शंभर-सव्वाशे एमबीची भरते. म्हणजे पंच्याहत्तरात एक भाग ठेवला, बाकीचे टाकून दिले. तरी आपल्याला काही गेल्यासारखं वाटत नाही.

काय टाकलं? दोन गोष्टी. पहिली, जे बदललंच नाही ते. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर असेल तर पाठीमागची भिंत या चित्रात जिथे आहे तिथेच पुढच्याही चित्रात आहे. मग ती पुन्हा लिहायची कशाला? मोबाइल मधून मधून एखादं चित्र पूर्ण लिहितो आणि पुढच्या चित्रांसाठी फक्त फरक नोंदवतो : हा चौकोन एवढा डावीकडे सरकला, तो थोडा उजळला. दुसरी, डोळ्याला कळणार नाही इतका बारीक तपशील. चित्राचे छोटे छोटे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोन ठरावीक लहरींच्या बेरजेत मांडायचा. मोठ्या लहरी ठेवायच्या, बारीक लहरी ढोबळ करायच्या किंवा गाळायच्या. हे गणित जानेवारी १९७४ मध्ये छापलं गेलं. लिहिणारे तिघं भारतीय वंशाचे : नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव. बंगळुरूत जन्मलेल्या अहमद यांनी त्याआधी १९७२ मध्ये या कल्पनेवर अमेरिकेत संशोधननिधी मागितला होता, तो नाकारला गेला. कल्पना फारच सोपी वाटते, असं तपासणाऱ्यांपैकी एकाचं म्हणणं पडलं. आज फोटोची जेपीईजी फाइल याच गणितावर उभी आहे, आणि मोबाइलमधल्या व्हिडिओचं काम त्याच्याच भावंडांवर चालतं.

आता कॅमेरा वर वळवा. पिंपळाच्या पानाला लांब, लवचिक देठ असतो. खाली माणसांना वारा जाणवतही नाही तेव्हा वर पानं थरथरत असतात, आणि प्रत्येक पान आपल्या मर्जीनं. मागचं चित्र आणि पुढचं चित्र यांत सारखं असं काही उरतच नाही. बारीक तपशील तर जिकडेतिकडे. टाकून द्यायच्या दोन्ही युक्त्या एकदम निकामी. मोबाइलला सेकंदाला जेवढे बाइट खर्चायची मुभा असते तेवढ्यातच ही हजारो पानं लिहायची असतात, मग तो हात आखडतो. पानांचे हिरवे चौकोन दिसायला लागतात. आणि फटका फक्त पानांना बसत नाही. त्याच चित्रात खाली पुजारीबुवा बोलत असतील तर त्यांच्या चेहऱ्याच्या वाटचे बाइटही वर पानांत गेलेले असतात. म्हणून जाणते सर सांगतात, मुलाखत घेताना माणसाच्या मागे पिंपळ ठेवू नका, मागे भिंत घ्या. पानांचा शॉट वेगळा, जवळून घ्या. ट्रायपॉडचा आग्रहही याच हिशेबातला. हात थरथरला की भिंतसुद्धा पिंपळ होते. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवली की जे उरलंय त्यातलं आणखी गाळलं जातं, ते परत मिळत नाही. ‘केबलनं द्या, नाहीतर कार्ड आणून द्या’ असं सर का ओरडतात ते आता कळलं असेल.

कोऱ्या कागदाचं थोडक्यात सांगतो. सौंसरच्या संत्र्याची पाटी सकाळच्या उन्हात ठेवा, नंतर पिवळ्या दिव्याखाली ठेवा. आपल्याला दोन्हीकडे संत्र्याचा रंग तोच वाटतो. प्रत्यक्षात डोळ्यात शिरणारा उजेड अगदी वेगळा असतो. दुपारचं ऊन निळसर, दिव्याचा प्रकाश तांबूस, आणि झाडाखालची सावली पानांतून गाळून आल्यानं हिरवट. मेंदू आजूबाजूचं बघून उजेडाचा रंग वजा करतो आणि संत्र्याचा संत्र्याला ठेवतो. कॅमेऱ्याला वजा काय करायचं ते सांगावं लागतं. पांढरा कागद दाखवायचा : या उजेडात हे पांढरं आहे, बाकीचं त्यावरून ठरव. पिंपळाखालून सभामंडपात गेलात की पुन्हा कागद. विसरलात तर पुजारीबुवा काविळीतून उठल्यासारखे दिसतात.

आवाजाची गोष्ट मात्र चित्राहून नवलाची आहे आणि शाळेत तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. शाळाशाळांतून बनलेल्या माहितीपटांचा माझा अनुभव असा, की चित्र चालून जातं, आवाजानं माती होते. मग ती झाकायला वरून बासरी आणि तबला ओततात.

भर शनिवारी मंदिरात एक आजी तुमच्याशी बोलते आहे. मागे घंटा, भोंगा, पोरांचा कालवा. तुम्हाला तिचं सगळं बोलणं कळतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये याच कोड्याला हात घातला : गलबल्यात आपण एकच आवाज कसा निवडून ऐकतो? दोन कान, दिशा, ओठांची हालचाल, अर्थाचा अंदाज, सगळं पणाला लावून मेंदू उरलेलं बाजूला सारतो. माइकला आजी आणि भोंगा सारखेच. वर्गात परत येऊन ऐकाल तेव्हा आजीचा आवाज भोंग्याखाली गाडला गेलेला असेल. हेडफोनची सक्ती एवढ्याचसाठी आहे, की माइकला काय ऐकू येतंय ते तिथेच, आजी समोर असतानाच कळावं. उपाय साधा आहे : माइक जवळ न्या. उघड्यावर अंतर निम्मं केलं की आजीच्या आवाजाची तीव्रता चौपट होते, भोंग्याची होती तेवढीच राहते. वीतभर अंतर हे महागड्या माइकहून जास्त कामाचं.

घंटेचं उलट. ती इतकी जोरात असते की आकड्यांत लिहायला जागा पुरत नाही. डिजिटल आवाजाला एक कमाल पट्टी असते, तिच्यावरचं सगळं सपाट कापलं जातं. कापलेलं मागाहून कुठल्याही सॉफ्टवेअरनं जसंच्या तसं परत येत नाही. म्हणून आधी कुणालातरी घंटा वाजवायला लावून पातळी खाली आणून ठेवायची.

आणि ही घंटा लांबून, झूम करून टिपली तर आणखी एक गंमत होते. आवाज सेकंदाला साधारण ३४० ते ३५० मीटर जातो. चैत्र-वैशाखाच्या उन्हात थोडा जास्त. २५ चित्रांच्या हिशेबात एका चित्राएवढ्या वेळात तो १४ मीटर चालतो. तुम्ही ३५ मीटरवर उभे असाल तर हात घंटेला लागल्यावर अडीच चित्रांनी ठण्ण ऐकू येईल. बघणाऱ्याला हे खटकत नाही. पण एडिटिंग करताना आवाज चुकून तेवढाच आधी सरकवला तर लगेच खटकतं. दूरचित्रवाणीच्या आंतरराष्ट्रीय मोजमापांत हे आकड्यांनिशी आहे : आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तरी माणसांना जाणवतो, उशिरा आला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही. कान असे दुजाभावानं का वागतात? निसर्गात वीज आधी चमकते, गडगडाट नंतर. लाकूड फोडणाऱ्याची कुऱ्हाड लांबून दिसते आधी, ऐकू येते मागून. आवाज दृश्याच्या आधी पोचलाय असं कधी घडलेलंच नाही. उशीर मेंदूच्या ओळखीचा आहे. शॉटच्या सुरुवातीला टाळी वाजवायला सांगतात ती हा मेळ घालण्यासाठी. हात जुळलेलं चित्र आणि आवाजाच्या आलेखातलं टोक एकाखाली एक आणलं, की पुढचं सगळं आपोआप जुळतं.

मिनिटभराच्या शांततेवर पोरं सगळ्यात जास्त हसतात. गप्प उभं राहून काय रेकॉर्ड करायचं? त्यांनी एकदा पुजारीबुवांच्या बोलण्यातलं अडखळणं कापून दोन वाक्यं जोडून बघावीत. जोडाच्या जागी क्षणभर जी पोकळी पडते तिनं ऐकणारा दचकतो. एरवी ऐकू न येणारी सळसळ, लांबच्या ट्रकची घरघर, मंडपाचा गुंजारव, हे सगळं एकाएकी नाहीसं झालेलं असतं. आवाज असताना जो लक्षात येत नव्हता तो थांबल्यावर लक्षात येतो. त्या फटीत भरायला त्याच जागेची, त्याच वेळेची शांतता लागते. सकाळची सभामंडपातली वेगळी, दुपारची वेगळी. शाळेत परत येऊन वर्गाची शांतता तिथे घातली तर ती उपरी वाटते.

आता बाजू. ‘शॉट एकाच बाजूनं घ्या’ हे पटवायला पांढुर्ण्याच्या माणसाला दुसरं उदाहरण द्यायची गरजच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, पात्रात रोवलेलं पळसाचं झाड, त्यावर झेंडा, आणि दोन्हीकडून दगड. (त्या दिवशी पोरांना कॅमेरे देऊन काठावर धाडा असं मी अजिबात म्हणत नाही. डोकी फुटतात तिथे, जीवही गेले आहेत. टीव्हीवर येऊन गेलेली दृश्यं वर्गात लावा.) समजा, कॅमेरा अशा जागी आहे की पांढुर्णा डावीकडे आणि सावरगाव उजवीकडे दिसतं. पांढुर्ण्याचा दगड डावीकडून उजवीकडे जातो. आता झाडाच्या पलीकडे जाऊन, उलट बाजूनं शॉट घेतला, की तोच दगड उजवीकडून डावीकडे. दोन्ही शॉट लागोपाठ जोडले तर घरी बघणाऱ्याला वाटणार, हा सावरगावचा दगड. दोन्ही शॉट खरे, जोडून मात्र आळ भलत्याच गावावर. पडद्यावर काठ नसतो, नदी नसते. डावं आणि उजवं एवढंच असतं. दोन काठांना जोडणारी एक रेघ मनात आखायची आणि कॅमेरा तिच्या एकाच अंगाला ठेवायचा. जामसांवलीत दर्शनाच्या रांगेला हेच लागू. बाजू बदलली की आत जाणारी माणसं परत निघालेली दिसतात.

शॉटला शॉट जोडण्यातली खरी जादू, आणि खरा धोकाही, चेहऱ्यात आहे. १९१९ साली फाळक्यांनी ‘कालिया मर्दन’ काढला. त्यात कृष्ण झाली त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. हा मूकपट सुरू होतो तो कथेनं नव्हे. आधी ती मुलगी कॅमेऱ्यासमोर बसून एकेक भाव करून दाखवते. म्हणजे बघा, हिची तयारी केवढी आहे. अभिनयाच्या तासाचं इतकं जुनं चित्रण आपल्याकडे क्वचितच असेल. पण साधारण त्याच काळात रशियात लेव्ह कुलेशोव्ह उलट्या दिशेनं निघाले होते. त्यांनी मोझ्झुखिन या नटाचा कोरा चेहरा घेतला. तोच शॉट एकदा सूपच्या वाडग्याला जोडला, एकदा शवपेटीला, एकदा एका बाईला. बघणारे नटाची तारीफ करायला लागले : भूक काय दाखवली, दुःख काय दाखवलं! चेहरा जिथल्या तिथे होता. भाव बघणाऱ्यांनी आणला.

आता जामसांवलीत एक बाई हात जोडून, डोळे मिटून उभी आहे. तिच्या शॉटनंतर शेंदराचा मारुती आला तर भक्ती. नंतर एखादा घुमणारा तरुण आला तर तीच बाई त्याची आई होते, तिच्यावर संकट कोसळतं. ती बिचारी कदाचित मुलाच्या दहावीच्या निकालासाठी आलेली असेल. एका कात्रीनं आपण तिच्या घरात आजार घातला.

हा प्रश्न इथे जास्तच टोकदार होतो. जामसांवलीला दुखणं घेऊन माणसं येतात, मनाची दुखणी विशेष. काही जण दिवसेंदिवस मुक्काम करतात. कॅमेऱ्याला असे चेहरे ओढ लावतात, हे कबूल करायला हवं. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला जोरजोरानं घुमणारा माणूस दिसला की त्याचं बोट आधी बटणावर जातं, विचार मागून येतो. कायद्याचं एक टोक आहे : २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या २४ व्या कलमाप्रमाणे मनोरुग्णालयात उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. मंदिर म्हणजे रुग्णालय नव्हे, त्यामुळे कलम अक्षरशः इथे लागू होत नाही असं कुणी म्हणेल. वर्गाचा नियम कायद्याहून कडक असावा, असं माझं मत आहे. ज्याला आत्ता, या घडीला, हो-नाही सांगता येत नाही त्याचा चेहरा घ्यायचा नाही. त्याच्या घरच्यांनी हो म्हटलं तरी नाही. लहान मुलांसाठी आईवडिलांना विचारायचं. गाभाऱ्यात कॅमेरा चालतो का ते मंदिरवाल्यांना आधीच विचारून ठेवायचं. आणि विचारायचं म्हणजे लांबून मोबाइल दाखवून मान डोलावून घ्यायची नाही. शेजारी बसून, काय करतोय, कुठे दाखवणार आहोत, इंटरनेटवर जाणार का, हे सगळं सांगायचं. “काकू, हे शाळेत दाखवू, पुढं यूट्यूबवर पण जाईन. चालन का?” त्यांनी नको म्हटलं तर मोबाइल खिशात घालून नमस्कार करायचा. गंमत अशी, की असं बसून विचारलेल्या माणसांची मुलाखतही चांगली होते. माइक वीतभर अंतरावर नेता येतो.

ही काकू कुठल्या भाषेत बोलेल? घरात बोलते त्या मराठीत, “चाल्लो होतो दर्शनाले” अशा थाटात. पोरांचं शाळेतलं शिक्षण पुष्कळदा हिंदीत, म्हणून निवेदन हिंदीत लिहायची ओढ असते, आणि मग काकूलाही ‘शुद्ध’ बोलायला लावतात. तिथे ती आखडते आणि मुलाखत मरते. तिला तिच्या बोलीत बोलू द्यावं आणि खाली हिंदी ओळ द्यावी, पडद्यावर एका वेळी दोनच ओळी, एकदा सावकाश वाचून होतील एवढा वेळ. स्टॉपवॉच लावून मोठ्यानं वाचून बघितलं की अंदाज येतो.

राहता राहिली शेवटची सूचना. ‘घरी जाण्याआधी दोन कॉप्या, वेगवेगळ्या ठिकाणी, फाइलला नाव देऊन.’ दमलेली पोरं हीच टाळतात. फाळक्यांनी १९१७ मध्ये ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा छोटा मूकपट केला होता. चित्रीकरण, फिल्म धुणं, कापणं, जोडणं, सगळं लोकांना दाखवणारा. आजच्या माध्यमवर्गाचा तो पहिला धडाच म्हणायचा. त्यांच्या घरात हे सारं चालत होतं. सरस्वतीबाई फाळके रात्री फिल्मला कडेची भोकं पाडत, रसायनं कालवत, दिवसा उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड वळवत आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करत. त्या मूकपटाचे आज तुकडे उरले आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’ही अर्धामुर्धाच. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट बनले असं मानतात. हाताशी आहेत ते तिसाच्याही आत. त्या काळची नायट्रेटची फिल्म भडकन पेटायची, न पेटता राहिली तर डब्यात सडून भुकटी व्हायची, आणि चांदी काढायला म्हणून वितळवलीही जायची. पुण्यात राष्ट्रीय फिल्म संग्रहालय १९६४ मध्ये उभं राहिलं. तोवर बराचसा खजिना गेला होता.

मेमरी कार्ड पेटत नाही. ते हरवतं, दुसऱ्या बॅचसाठी फॉरमॅट होतं, नाहीतर पोराचा मोबाइल भरला म्हणून जागा करायला रिकामं केलं जातं. त्यातून वाचलेल्या फाइलचं नाव आकड्यांचं असतं, आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाला त्यात कुठलं गाव आहे हेही कळत नाही. तेव्हा शाळेच्या संगणकावर एक प्रत, वेगळ्या हार्ड डिस्कवर दुसरी. नावात गाव, तारीख, शॉट आणि शूट करणाऱ्याचं नाव. संमतीचे कागद त्याच फोल्डरमध्ये, फोटो काढून. आणि पूर्ण झालेल्या माहितीपटाची एक प्रत पेनड्राइव्हवर घालून जामसांवलीला, ज्या काकूंनी हो म्हटलं होतं त्यांच्या घरी नेऊन द्यायची. ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर मात्र सरांनी गुण कापावेत.